राधानगरीचे दरवाजे आणि वेळ पाळणारं यंत्र

  

दर पावसाळ्यात, बहुतेक जुलैच्या शेवटी शेवटी, कोल्हापुरातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन धडकतो. राधानगरी धरण भरलं, एक स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत १४२८ क्युसेक पाणी सुटलं. मग तासा-दोन तासांत दुसरा दरवाजा, तिसरा दरवाजा. लोक पंचगंगा घाटाकडं पाणी बघायला निघतात आणि नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये फ्रीज वरच्या मजल्यावर चढवायची तयारी सुरू होते.

या बातमीतला एक शब्द आपण रोज वाचतो आणि सोडून देतो. तो शब्द म्हणजे ‘स्वयंचलित’. दरवाजा उघडला, असं म्हणतात. उघडला कुणी? बटण दाबणारा माणूस नाही, मोटर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच नाही. पाणी ठरलेल्या उंचीला आलं आणि दरवाजा आपोआप उघडला. रात्रीचे तीन वाजलेले असोत, लाईट गेलेली असो, धरणावर पोचायचा रस्ता बंद असो, त्याला फरक पडत नाही.

आजचा भाग या ‘आपोआप’चा इतिहास आहे. दूर कुठंतरी, माणूस नसलेल्या जागी एक यंत्र ठेवायचं आणि त्यानं योग्य वेळी योग्य काम करायचं, हा प्रश्न राधानगरीच्या दरवाज्यापासून थेट मंगळापर्यंत जातो. शेवटी तो पुन्हा आपल्याच नदीवर येतो. कारण उद्या त्या दरवाज्यावर कॉम्प्युटर बसवायचा झाला, तर त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, हे कुणाला तरी ठरवावं लागणार आहे. कदाचित तुमच्यापैकीच कुणाला तरी.

आधी थोडं मागं जाऊया. सन १९०३. पुण्याजवळचं खडकवासला धरण. तेव्हा मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक इंजिनिअर होते, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. शिकले पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये. धरण न वाढवता त्यात जास्त पाणी साठवायचं, हे त्यांच्यासमोरचं कोडं होतं. सांडव्यावर दरवाजे लावले की साठा वाढतो, पण पूर आला आणि दरवाजा वेळेत उघडला नाही, तर धरणच धोक्यात. त्या काळात पुण्याहून खडकवासल्याला निरोप जायला किती वेळ लागेल आणि रात्री पावसात माणूस जागा असेल का, याचा भरवसा कोण देणार? म्हणून त्यांनी स्वयंचलित दरवाज्यांची रचना केली, तिचं पेटंट घेतलं आणि ते दरवाजे खडकवासल्याला बसवले.

अशा दरवाज्यांचं तत्त्व सोप्या भाषेत सांगायचं तर तराजू. एका बाजूला पाण्याचा जोर, दुसऱ्या बाजूला जड प्रतिवजन. पाणी ठरलेल्या खुणेच्या खाली असेपर्यंत प्रतिवजन जिंकतं आणि दरवाजा बंद राहतो. पाणी खुणेवर आलं की तराजू कलतो आणि दरवाजा उघडतो. पाणी उतरलं की परत बंद. मोजणं, ठरवणं आणि करणं ही तिन्ही कामं एकाच लोखंडी सांगाड्यात.

आता आपल्या राधानगरीकडं या. छत्रपती शाहू महाराजांनी दुष्काळ जवळून पाहिला होता, म्हणून संस्थानातलं पाणी संस्थानातच अडवायचं त्यांनी मनावर घेतलं. भोगावतीवर धरण बांधायची योजना १९०७ च्या सुमाराची. वसलेल्या गावाला महाराजांच्या कन्येचं, राधाबाईंचं नाव मिळालं आणि जलाशयाला लक्ष्मी तलाव. पैशाअभावी काम मध्येच थांबलं, महाराज १९२२ साली गेले आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडावी लागली. आज त्याची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी आहे, पूर्ण पातळी ३४७.५ फूट, आणि स्वयंचलित दरवाजे सात.

१४२८ क्युसेक म्हणजे किती? एका सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. सातही दरवाजे उघडले तर दहा हजार क्युसेकच्या घरात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर. एवढ्या पाण्याचा निर्णय ते दरवाजे कुणालाही न विचारता घेतात.

इथं आपल्याला आजचा मुख्य शब्द लागणार आहे: रिअल-टाइम. नाव ऐकलं की वाटतं ‘फास्ट’. तसं नाही. खासबाग मैदानातली कुस्ती आठवा. समोरच्यानं डाव टाकला की त्यावरचा प्रतिडाव ठरलेल्या क्षणातच बसायला हवा. अर्ध्या सेकंदानं उशीर झाला, की तुमचा प्रतिडाव कितीही देखणा असला तरी तुम्ही चितपट. रिअल-टाइम यंत्राचं असंच असतं. उत्तर बरोबर असून चालत नाही, ते वेळेच्या आत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचंच उत्तर.

तुमच्या मोबाईलची ऑपरेटिंग सिस्टीम असा शब्द देत नाही. रील मध्येच अडकलं, दोन सेकंद गोल फिरत राहिलं, आपण वैतागतो आणि विसरतो. तिचं ध्येय एकूण सगळं बऱ्यापैकी चालावं एवढंच असतं. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आरटीओएस, वेगळ्या बोलीवर काम करते. ती सरासरीचं बोलत नाही. वाईटात वाईट परिस्थितीत हे काम किती वेळात सुरू होईल, ते ती आधीच सांगते आणि पाळते. सरासरी वेग कमी असला तरी चालेल, पण शब्द मोडायचा नाही.

हा विचार कुठून आला, ते बघूया. १९६८ साली अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यांसाठी एक नवं यंत्र घडवायला घेतलं. त्या काळात मोटारींच्या कारखान्यात यंत्रांचं नियंत्रण रिलेंच्या मोठमोठ्या कपाटांमधून चालायचं. गाडीचं मॉडेल बदललं की अख्ख्या कपाटाचं वायरिंग बदला. मॉर्लींच्या यंत्राचं नाव मॉडिकॉन ०८४. त्याला आज आपण पीएलसी म्हणतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. पीएलसीचा स्वभाव साधा: सगळे सेन्सर वाचायचे, प्रोग्राम वरून खालपर्यंत चालवायचा, आउटपुट द्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. ही फेरी ठरलेल्या वेळेत पुरी झालीच पाहिजे. नाही झाली तर वॉचडॉग नावाचा टायमर बोंब मारतो आणि यंत्र थांबवतो.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट आकाशात घडत होती. २० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं आणि खाली यायला काही मिनिटं उरलेली असताना त्याच्या कॉम्प्युटरनं १२०२ नावाचा अलार्म दिला. त्या कॉम्प्युटरची बदलती मेमरी फक्त २०४८ शब्दांची. एका रडारच्या फालतू सिग्नलांमुळं त्याचा वेळ खर्च होत होता आणि कामं डोईजड झाली होती. साधा कॉम्प्युटर असता तर तिथंच हँग झाला असता. पण हॅल लॅनिंग यांनी त्यासाठी कामांना प्राधान्यक्रम देणारी व्यवस्था रचली होती, आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या टीमनं त्यावरचं सॉफ्टवेअर बांधलं होतं. कॉम्प्युटरनं स्वतःला पुन्हा सुरू केलं, बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, यान उतरवण्याचं काम तेवढं चालू ठेवलं. घर पेटलं की भांडीकुंडी सोडून आधी पोरं बाहेर काढायची, हे त्या यंत्राला आधीच शिकवून ठेवलेलं होतं.

१९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी याचं गणित मांडलं. नियम सोपा: जे काम जास्त वेळा करायचं असतं, त्याला वरचा मान. आणि असं केल्यावर प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत वेळ वापरला, तर कामं कितीही असोत, एकही डेडलाइन चुकणार नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. म्हणजे भरवसा हवा असेल तर थोडी जागा मोकळी सोडायची. पूररेषेच्या आत घर बांधायचं नाही, तसंच काहीसं.

आता माझी आवडती गोष्ट. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. सगळं जग टाळ्या वाजवत असताना थोड्याच दिवसांत ते यान आपोआप रीसेट व्हायला लागलं. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची नामांकित आरटीओएस होती. मग झालं काय?

कल्पना करा, एक अरुंद बोळ आहे. त्यात एक हातगाडीवाला शिरलाय. त्याच्या मागं अँब्युलन्स आली. बोळ एकच, म्हणून हातगाडी बाहेर पडेपर्यंत अँब्युलन्स थांबली. इथपर्यंत ठीक. पण तेवढ्यात पुढच्या चौकात मिरवणूक आली. मिरवणुकीचा मान हातगाडीपेक्षा मोठा, म्हणून हातगाडीवाला बोळाच्या तोंडाशीच थांबला. आता बघा, सगळ्यात मोठा मान अँब्युलन्सचा आणि ती अडकलीय मिरवणुकीमुळं, जिचा तिच्याशी काही संबंध नाही. पाथफाइंडरवर हवामान मोजणारं छोटं काम म्हणजे हातगाडी, माहितीची ने-आण करणारं महत्त्वाचं काम म्हणजे अँब्युलन्स आणि मधली बाकीची कामं म्हणजे मिरवणूक. अँब्युलन्स वेळेत आली नाही हे वॉचडॉगला दिसलं आणि त्यानं सगळं रीसेट केलं.

यावरचं उत्तर आधीच माहीत होतं. १९९० मध्ये लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी ते मांडलं होतं. हातगाडीमागं अँब्युलन्स थांबली असेल, तर बोळ सुटेपर्यंत हातगाडीलाच अँब्युलन्सचा सायरन द्या. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, पण त्या जागी ती बंद ठेवलेली होती. जेपीएलच्या इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधलं आणि कोट्यवधी किलोमीटरवरून ती सोय चालू केली. यान ठीक झालं.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक, भारीतली आरटीओएस घेतली म्हणून काम झालं असं नाही, ती नीट वापरावी लागते. दोन, दूरच्या यंत्राला लांबून दुरुस्त करायची वाट आधीच ठेवलेली असली पाहिजे. मंगळावर मेकॅनिक पाठवता येत नाही. आणि मंडळी, ऑगस्टच्या पुरात दाजीपूरच्या जंगलातल्या एखाद्या पर्जन्यमापकाकडंसुद्धा पाठवता येत नाही.

चला, आता घरी येऊया.

जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पाऊस, नदीची पातळी आणि धरणातला साठा यांची माहिती आपोआप गोळा करणारी यंत्रणा उभी केली. तिच्या नावातच ‘रिअल टाइम’ आहे. पण हा रिअल-टाइम वेगळा, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. तिथं माहिती काही मिनिटं उशिरा आली तरी अंदाज बांधता येतो. दरवाजा हलवणाऱ्या मोटरला मात्र ‘थांब’ हा हुकूम ठरल्या क्षणी मिळायलाच हवा, नाहीतर दोर तुटेल किंवा दरवाजा तिरका होऊन अडकेल. एक बातमी देणारा, दुसरा हात चालवणारा. दोघांना एकच शब्द लावल्यामुळं बैठकांमध्ये बराच घोळ होतो.

आणि हा घोळ का महत्त्वाचा आहे? ऑगस्ट २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद. वीज उपकेंद्रं पाण्यात, मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी राधानगरीचे दरवाजे काय करत होते? तेच, जे त्यांना ठाऊक आहे. धरण भरलं की उघडायचं.

इथंच त्या जुन्या, हुशार रचनेची मर्यादा दिसते. दरवाज्याला फक्त स्वतःच्या धरणाचं पाणी कळतं. पन्नासेक किलोमीटर खाली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३० फुटांवर आहे की ५० फुटांवर, हे त्याला माहीत नाही. कासारी, कुंभी, तुळशी फुगल्यात का, माहीत नाही. धरण वाचवायचं काम तो अचूक करतो, पण शहराचा विचार करणं त्याच्या घडणीतच नाही.

मग वाटतं, काढा ते जुनं आणि लावा कॉम्प्युटर, कोल्हापुरात ऑफिसात बसून माउसनं दरवाजा हलवू. थांबा जरा. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीच्याच एका सेवाद्वाराचं काम चालू असताना ते वर उचललेल्या अवस्थेत अडकलं आणि भर हिवाळ्यात भोगावतीत पाणी धो धो वाहायला लागलं. उन्हाळ्यासाठी राखलेलं पाणी. यंत्रानं हलणारा दरवाजा अडकूही शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्यात कॉम्प्युटर आणि इंटरनेट घातलं की अडकायच्या जागा आणखी वाढतात.

त्यातलीच एक जागा सांगतो. २९ जुलै २०१९ ला, म्हणजे आपला महापूर यायच्या जेमतेम आठवडाभर आधी, आर्मिस नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी अर्जंट इलेव्हन जाहीर केलं. त्याच व्हीएक्सवर्क्समध्ये, जी पाथफाइंडरवर होती, नेटवर्क सांभाळणाऱ्या भागात अकरा फटी सापडल्या. त्यातल्या सहा अशा, की लांबूनच यंत्राचा ताबा घेता यावा. कारखाने, दवाखाने, प्रिंटर, कितीतरी यंत्रांत ती सिस्टीम होती. दुरुस्ती लगेच निघाली, पण जे यंत्र दहा वर्षांपूर्वी खांबावर बसवून लोक विसरून गेलेत, त्याला ती दुरुस्ती कोण लावणार?

म्हणून आरटीओएस निवडताना पहिला प्रश्न ‘कुठली सगळ्यात भारी’ हा विचारायचाच नाही. माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: हे काम वाईटात वाईट वेळी किती उशिरापर्यंत चालेल? मोटरला हजाराव्या भागाच्या सेकंदात उत्तर हवं असेल, तर छोट्या चिपवर चालणारी छोटी आरटीओएस बरी. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेली फ्रीआरटीओएस काही किलोबाइटांत मावते, फुकट आहे, आणि २०१७ पासून अ‍ॅमेझॉन तिची देखभाल करते. लिनक्स फाउंडेशननं २०१६ मध्ये सुरू केलेली झेफायर थोडी मोठी, पण नेटवर्क आणि सुरक्षेची सोय जास्त. व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स यांना पैसे मोजावे लागतात, पण आयईसी ६१५०८ सारख्या सुरक्षा मानकांची कागदपत्रं आणि जबाबदार माणूस मिळतो. आणि लिनक्स? त्याला रिअल-टाइम करायची खटपट वीसेक वर्षं चालली आणि २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत, ते काम मुख्य लिनक्समध्ये आलं. ते पुष्कळ ठिकाणी पुरतं. तरी लाखो ओळींच्या सिस्टीमची वाईटात वाईट वेळ सिद्ध करून दाखवणं, हे काही हजार ओळींच्या सिस्टीमपेक्षा फार अवघड असतं.

दुसरा: संपर्क तुटला तर यंत्र काय करेल? बॉयलरला उत्तर सोपं, आच बंद कर. धरणाच्या दरवाज्याला तसं सोपं उत्तर नाही. उघडा ठेवला तर खालचं गाव, बंद ठेवला तर धरण. हा निर्णय प्रोग्रामरनं रात्री कोड लिहिताना घ्यायचा नसतो. तो पाण्याच्या माणसांनी आणि नदीकाठच्या लोकांसमोर उन्हाळ्यातच ठरवून, लिहून ठेवायचा असतो.

तिसरा: पंधरा-वीस वर्षांनी हे कोण दुरुस्त करेल? धरणाचं आयुष्य शंभर वर्षं, चिपचं दहा. विकत घेतलेली कंपनी बंद पडेल, फुकट मिळालेला प्रकल्प ओस पडेल. सोर्स कोड आपल्या हातात आहे का, अपडेट सही तपासून लावता येतो का, आणि ते जाणणारी पोरं जिल्ह्यात आहेत का, हे बघायला हवं. आपल्या शिवाजी उद्यमनगराची सगळी पुण्याई अशीच आहे. बाहेरून आलेलं यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि स्वतः घडवायचं. हीच सवय आता सॉफ्टवेअरला लागू करायची आहे.

व्यवहारात चांगले इंजिनिअर दोन मजले करतात. खालच्या मजल्यावर छोटी आरटीओएस, तिच्या ताब्यात फक्त मोटर, पातळीचा सेन्सर आणि आणीबाणीचा नियम. वरच्या मजल्यावर लिनक्स, तो मोबाईल नेटवर्कवर बोलतो, अंदाज मागवतो, आलेख दाखवतो. वरचा खालच्याला विनंती करू शकतो. पण ती विनंती मर्यादेबाहेरची असेल, तर खालचा ती धुडकावतो. वरचा हँग झाला, हॅक झाला, वीज गेली, तरी खालचा बॅटरीवर आपलं काम करत राहतो.

आणि त्याच्याही खाली एक तळमजला असावा, असं मला वाटतं. पाण्याच्या वजनानं कलणारा तराजू. जिथं तो आधीच आहे, तिथं तो काढू नये. कॉम्प्युटरनं पाणी खुणेपर्यंत येण्याच्या आधीच, खालच्या नदीकडं बघून, शहाणपणानं थोडं थोडं सोडावं. आणि कॉम्प्युटर चुकलाच, तर खुणेवर आलेलं पाणी स्वतःच दरवाजा उघडेल.

विश्वेश्वरय्यांना १९०३ मध्ये पडलेला प्रश्न आणि आज आरटीओएस निवडणाऱ्याला पडलेला प्रश्न एकच आहे: आपण तिथं नसताना, अंधारात, पावसात, हे यंत्र आपला शब्द पाळेल का? पुढच्या जुलैत तो मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी क्षणभर थांबून एवढं आठवा, की तो दरवाजा कुणीच उघडलेला नाही. तो तसा उघडावा, हे कुणीतरी फार आधी नीट विचार करून ठरवून ठेवलं होतं.

भेटू पुढच्या भागात. नदीकाठी जपून राहा, मंडळी. राम राम!